आठ गुण

रेल्वेच्या रुळांकडे बघून कधीकाळी कुणीतरी
पट्टीने रेघ मारलेली.
रुळांच्या इकडची पाच कॉलेजं पूर्व विभाग,
तिकडची पाच पश्चिम.
दोन्हीकडून दोन दोन पुढे.
म्हेत्रे सर म्हणाले, ही वाटणी माझ्या आधीची आहे,
आणि चष्मा पुसत बसले.

आमच्याकडची पोरं मागांच्या खडखडाटात वाढलेली.
तिथं हाक ऐकूच येत नाही,
म्हणून मैदानातही कुणी कुणाला हाक मारायचं नाही.
भुवई उचलली की चेंडू निघालेला असायचा.
अशी पोरं एका संघात असती तर ठीक,
ती तीन संघांत होती
आणि तिन्ही संघ रेघेच्या एकाच बाजूला.

आम्ही तिघे एकमेकांशी बरोबरीत सुटलो.
उरलेल्या दोघांना तिघांनीही हरवलं.
तिघांचे आठ आठ गुण.
मग गोलफरक मोजायला बसले
आणि आम्ही एका गोलाने तिसरे.
एकही सामना न हरता
घरी.

तो गोल कुठे राहिला ते मला माहीत आहे.
अक्कलकोट रोडच्या रात्रीच्या कॉलेजशी सामना होता,
मध्यंतराला तीन-शून्य.
त्यांची निम्मी पोरं पाळी संपवून थेट आलेली,
केसांत अजून कापसाची फुलं.
त्यांचा गोलकीपर सिद्राम,
करंगळीला सुताची चिंधी बांधून उभा.
तिसऱ्या गोलानंतर तो जाळीतला चेंडू काढायला वाकला
आणि जरा वेळ वाकलेलाच राहिला.

आमचा कॅप्टन अंबादास वडनाल म्हणाला, चालु रा.
मराठीत चालू म्हणजे सुरू.
आमच्या घरच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
मोईन बागवानला वाटलं खेळ चालू,
तो एकटाच सुसाट सुटला उजवीकडून,
मागे वळून बघतो तर सगळे उभे.
मग तोही थांबला,
चेंडूवर पाय ठेवून, कमरेवर हात देऊन.

दुसऱ्या अर्ध्यात आम्ही नुसता चेंडू फिरवला.
याच सिद्रामला बाकीच्या दोघांनी
सात सात दिले.

पश्चिमेचा दुसरा संघ पाच गुणांवर पुढे गेला.
पाच.
एक जिंकलेला, दोन बरोबरीतले, एक हरलेला.
त्यांचा राग नाही,
त्यांनी थोडीच रेघ मारली होती.

वडील टॉवेलच्या कारखान्यात चेकर.
एक सुटा धागा दिसला की माल सेकंडच्या ढिगात.
त्यांना सगळं सांगितलं, गुण, फरक, रेघ.
त्यांनी हातातला टॉवेल उजेडाकडे धरला
आणि म्हणाले, कुठल्या गठ्ठ्यात पडला
त्यावरच भाव असतो बघ.
मग तो टॉवेल कुठे ठेवला
ते मी बघायचं विसरलो.

उपांत्य फेरीच्या आदल्या रात्री
सायकलवरून एक पोरगा दारात.
रेवणसिद्ध बिराजदार, त्या पाच गुणवाल्यांचा गोलकीपर.
चप्पल बाहेर काढून उंबऱ्याशीच उभा.
माझे ग्लोव्ह्ज फाटलेत, म्हणाला,
तुझे उद्या कामाचे नसतील ना?

वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला कळलं.
कान लाल झाले त्याचे.
आई म्हणाली, आत ये, भाकरी खाऊन जा.
शेंगाचटणीवर दही घेत
तो जमिनीकडे बघत जेवला.

दुसऱ्या दिवशी मी सिमेंटच्या पायऱ्यांवर,
बूड भाजत होतं,
वर्तमानपत्र घालून बसलो.
माझे ग्लोव्ह्ज मैदानात होते.
आमच्याच गल्लीतल्या पोरांनी, पूर्वेच्या पहिल्यांनी,
भुवया उचलून उचलून
त्यांच्यावर सहा गोल मारले.
चौथा मी अडवला असता.
पाचवा कुणीच नाही.
सहावा येताना मोईन माझ्या शेजारी पुटपुटला,
चालु रा.
पहिल्यांदाच बरोबर अर्थाने.

रेवणसिद्धने ग्लोव्ह्ज धुऊन परत केले,
उजव्या अंगठ्याची उसवलेली शिवण
पांढऱ्या दोऱ्याने घालून.
टाका वाकडा होता.
पुढच्या वर्षीही रेघ तिथेच होती
आणि तो टाकाही.